मुळाशी घातलेलं पाणी

सकाळी तुळशीला पाणी घालताना आपण ते मुळाशी ओततो आणि घरात येतो. वरच्या मंजिरीपर्यंत ते पोचलं की नाही, याची चौकशी कोणी करत नाही. ते पोचतंच. पण त्याच अंगणाच्या गडग्यावर पावसाळ्यात जे मखमली मॉस उगवतं, त्याला ही सोय नाही. त्याला खरी मुळं नाहीत आणि पाणी वर नेणाऱ्या पक्क्या नळ्याही नाहीत. पाऊस पडला की ते सगळ्या अंगाने पितं, ऊन पडलं की सगळ्या अंगाने सुकतं. म्हणून ते दगडाला चिकटून राहतं आणि बोटाच्या पेरापेक्षा फारसं वर जात नाही. खाली घातलेलं पाणी शेंड्याला मिळणं, ही गोष्ट जमिनीवरच्या हिरव्या जगात सुरुवातीपासून नव्हती. ती कधीतरी पहिल्यांदा घडली, आणि घडली तीही अशा वनस्पतींत, ज्यांना धड पानसुद्धा नव्हतं.

अशा वनस्पतींपैकी फार जुनी आणि आज सर्वांत नावाजलेली म्हणजे कुकसोनिया. तिचे सर्वांत जुने अवशेष सुमारे 43 कोटी वर्षांपूर्वीचे. उंची जेमतेम काही सेंटिमीटर. एक काडी, ती मध्येच दुभंगते, प्रत्येक फाटा पुन्हा दुभंगतो, आणि टोकाला बीजाणूंची पसरट तोंडाची पिशवी. बस्स, एवढाच संसार. 1937 मध्ये विल्यम लँग या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं आणि तिला मेलबर्नच्या इझाबेल कुकसन यांचं नाव दिलं. इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेजवळच्या पर्टन इथल्या खाणीतले तिचे नमुने कुकसन यांनीच गोळा केले होते. काही कुकसोनियांच्या काड्या इतक्या बारीक आहेत, की हिरव्या पेशींना, पाणी नेणाऱ्या नळीला आणि बाहेरच्या सालीला मिळून त्यात जागा कशी पुरली असेल, असा प्रश्न अभ्यासकांना पडतो. कदाचित ती पोटापुरतं अन्नही स्वतः बनवत नसेल, आधीच्या पिढीच्या जिवावर उभी राहत असेल.

उभं राहण्याची ही धडपड सर्वांत स्वच्छ दिसते ती स्कॉटलंडमधल्या रायनी या खेड्यात. एल्गिन गावचे डॉक्टर विल्यम मॅकी यांना दगडांचा नाद होता. 1912 च्या सुमारास रायनीजवळच्या शेतांच्या दगडी कुंपणात त्यांना गारगोटीच्या जातीचे काही दगड दिसले. त्यांचे पातळ काप करून पाहिले, तर आत वनस्पती होत्या. नुसते ठसे नव्हते, पेशी न् पेशी जशीच्या तशी. सुमारे 40 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी तिथे गरम पाण्याचे झरे होते. त्या पाण्यातली सिलिका काठच्या वनस्पतींच्या आत शिरली आणि त्या कुजण्याआधीच त्यांचा दगड झाला. रॉबर्ट किडस्टन आणि तेच विल्यम लँग यांनी 1917 ते 1921 या काळात या वनस्पतींवर पाच निबंध लिहिले. प्राचीन वनस्पतींच्या अभ्यासात आजही त्यांचा हवाला दिला जातो.

त्या दगडाच्या कापात काय काय दिसतं? काडीच्या सालीवर पर्णरंध्रं दिसतात. पान जन्मायच्या आधीच त्या खिडक्या उघडल्या होत्या, हवा आत घ्यायला आणि वाफ बाहेर सोडायला. पेशींच्या आत बुरशीचे झाडासारखे फुटलेले धागे दिसतात. आज बहुतेक वनस्पतींच्या मुळांत जी बुरशी जमिनीतून फॉस्फरस आणून देते आणि मोबदल्यात साखर घेते, तिचीच ही जुनी भावकी. 1994 मध्ये तिचं सविस्तर वर्णन छापून आलं. मुळं येण्याआधी सोबत आली होती, असा त्याचा अर्थ.

आणि पाण्याच्या नळ्या? इथे निसर्गाने आपल्या सोयीची सरळ गोष्ट रचलेली नाही. रायनीत वीतभर उंचीची अग्लाओफायटन नावाची वनस्पती होती. किडस्टन आणि लँग यांनी तिला तिथल्याच रायनिया या दुसऱ्या वनस्पतीच्या प्रजातीत घातलं होतं. पुढे नीट पाहिल्यावर लक्षात आलं, की तिच्या मधल्या नळ्यांच्या भिंतींना संवहनी, म्हणजे पक्क्या नळ्या असलेल्या, वनस्पतींसारखी कडी नाहीत. त्या नळ्या मॉसच्या पेशींना जास्त जवळच्या आहेत. 1986 मध्ये तिला वेगळं नाव मिळालं. म्हणजे ती उभी राहिली, फुटली, वाढली, पण पक्की नळी न घालता. तिच्या शेजारीच रायनिया उभी होती, तिच्या नळ्यांना कडी होती. एकाच झऱ्याच्या काठी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं नांदत होती.

ती कडी कसली, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. जलवाहिनीची पेशी जिवंत असेपर्यंत या कामाला लागत नाही. आधी ती आपल्या भिंतीत कडी आणि वेटोळी घालते, लिग्निन नावाचं टणक द्रव्य भरते. मग मरते. आतला जीवरस नाहीसा होतो आणि उरलेली पोकळ, टणक भिंत पाणी वाहू लागते. खालून कोणी पंप मारत नाही. वर पर्णरंध्रांतून वाफ जाते, तिच्या जागी खालचं पाणी खेचलं जातं, आणि पाण्याचे कण एकमेकांना धरून असल्यामुळे ती ओढ थेट मुळापर्यंत पोचते. ही ओढ इतकी जबर असते, की भिंत मऊ असती तर नळी चिपटून बंद पडली असती. लिग्निन तिला उघडं ठेवतं आणि तेच खोडाला कणाही देतं. पेशीने त्याग केला वगैरे म्हणण्याचा मोह होतो, तो आवरावा. पेशीला त्याग माहीत नाही. पण तुळशीच्या काडीपासून सागाच्या खोडापर्यंत जे जे उभं आहे, त्याचा भार बराचसा मेलेल्या पेशी पेलतात, एवढं खरं.

रायनीतली तिसरी वनस्पती आपल्याला क्लबमॉसच्या अंगणात नेते. क्लबमॉस हे नावाचंच मॉस. लायकोपोडियम, सिलाजिनेला, आयसोइटिस ही त्याची आजची नातलग मंडळी. शास्त्रज्ञ या सगळ्या घराण्याला लायकोफाइट म्हणतात आणि त्यात आज बाराशेच्या वर जाती आहेत. रायनीतल्या त्यांच्या जुन्या नातलगाचं नाव अॅस्टेरोझायलॉन. खोडाचा आडवा काप घेतला की मध्ये चांदणीच्या आकाराचा जलवाहिन्यांचा गाभा दिसतो. अंगभर बारीक, खवल्यांसारखी पानं. गाभ्यातून निघालेली शीर प्रत्येक पानाच्या दिशेने जाते, पानाच्या बुडापर्यंत पोचते आणि तिथेच थांबते. आत शिरत नाही.

हे पाहिल्यावर एक सुरेख कथा जुळते. आधी काडी गुळगुळीत होती, मग तिच्यावर खवले आले, मग शीर खवल्याच्या दारापर्यंत आली आणि शेवटी आत शिरली, झालं पान. पाठ्यपुस्तकांनी ही कथा बराच काळ सांगितली. पण ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातल्या खडकांत बॅरॅग्वनाथिया नावाची वनस्पती सापडली होती. लँग आणि कुकसन यांनीच 1935 मध्ये तिचं वर्णन केलं. तिची पानं चांगली लांब, काही तर चार सेंटिमीटरपर्यंत, आणि शीर थेट पानाच्या आत गेलेली. तिचे सर्वांत जुने अवशेष सुमारे 42 कोटी वर्षांचे, म्हणजे अॅस्टेरोझायलॉनच्या सव्वा कोटीच्या आसपास वर्षं आधीचे. ज्याला आपण शेवटचा टप्पा म्हणत होतो, तो मधल्या टप्प्याच्या आधीच हजर होता.

शिडी लावून बघण्याची आपली खोड जुनी आहे. खाली मॉस, मग क्लबमॉस, मग नेचे, मग सूचिपर्णी वृक्ष, आणि सगळ्यात वर आंबा नाहीतर गुलाब. शाळेच्या पुस्तकातही सिलाजिनेला आणि लायकोपोडियम नेच्यांच्या पंगतीला बसवलेले असतात. 1992 मध्ये लिंडा राउबेसन आणि रॉबर्ट जॅन्सन यांनी हरितलवकातला डीएनए तपासला. त्यातला सुमारे 30 हजार अक्षरांचा एक पट्टा नेच्यांत आणि सगळ्या बीजधारी वनस्पतींत उलटा बसलेला आहे. लायकोफाइट तेवढे मॉससारखे, न उलटलेले. कधीतरी एका पूर्वजात तो पट्टा उलटला आणि त्याच्या सगळ्या वंशजांत तसाच उतरला. म्हणजे नेचा आणि आंबा ही एका घरातली भावंडं ठरली आणि क्लबमॉसचं घराणं त्याच्याही आधी, 40 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, वेगळं झालेलं निघालं. वेगळं झालं तेव्हा कोणाकडेच पान नव्हतं आणि मूळही नव्हतं. पुढे दोन्ही घरांनी आपापलं पान काढलं, आपापलं मूळ काढलं. क्लबमॉसचं पान म्हणजे आंब्याच्या पानाचा कच्चा खर्डा समजणं चूक आहे. ते दुसऱ्याच घरचं, दुसऱ्या रीतीने पुरं झालेलं काम आहे.

हीच गोष्ट पिढ्यांच्या बाबतीत. लाइपझिगमध्ये वडिलांच्या संगीतविषयक पुस्तकांच्या व्यवसायात काम करणारा विल्हेल्म होफमाइस्टर हा कोणत्याही विद्यापीठात न शिकलेला माणूस. कामाआधी, पहाटे, तो सूक्ष्मदर्शकाशी बसायचा. डार्विनच्या ग्रंथाच्या आठ वर्षं आधी, 1851 मध्ये त्याने दाखवून दिलं की मॉस, नेचे, सिलाजिनेला आणि सूचिपर्णी या सगळ्यांच्या आयुष्यात दोन पिढ्या आलटून पालटून येतात: एक बीजाणू करणारी, दुसरी अंडपेशी आणि शुक्रपेशी करणारी. फरक आहे तो वाट्याचा. मॉसमध्ये हिरवं मखमली अंग दुसऱ्या पिढीचं असतं आणि बीजाणूंची पिढी तिच्या डोक्यावर बसून तिचंच खाते. आंब्यात उलट, सगळा वृक्ष बीजाणूंच्या पिढीचा आणि दुसरी पिढी फुलाच्या आत काही पेशींपुरती उरलेली. लायकोपोडियमने मात्र वाटणी वेगळीच केली. त्याच्या दोन्ही पिढ्या स्वतंत्र राहतात. कित्येक जातींत दुसरी पिढी मातीखाली, अंधारात, बुरशीच्या मदतीने वर्षानुवर्षं जगते आणि वर कोणाला तिचा पत्ताही नसतो.

या घराण्याचे एके काळी वृक्ष होते, हे आज त्याच्याकडे पाहून पटत नाही. कोळशाच्या युगात, साधारण 36 ते 30 कोटी वर्षांपूर्वी, आजच्या युरोप-अमेरिकेच्या जागी विषुववृत्ताजवळ दलदली होत्या आणि त्यांत लेपिडोडेंड्रॉन 30 मीटरहून उंच वाढत होता. खोड सरळसोट, फांद्या फक्त शेंड्याला, तिथेही प्रत्येक फांदी दुभंगत जाणारी. कुकसोनियाची जुनी रीत एवढ्या उंचीवर गेलेली. खोडावर पानं गळाल्याच्या खुणा शंकरपाळ्यांसारख्या, ओळीने मांडलेल्या. एकोणिसाव्या शतकात असे तुकडे जत्रांमधून राक्षसी सापाची किंवा सरड्याची कातडी म्हणून दाखवले जात. या खोडात लाकूड थोडं होतं. जाडी आणि बळ दोन्ही सालीचं. आपल्या वृक्षांचा कणा आत असतो, यांचा बाहेर होता. ग्लासगोच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये 1887 मध्ये असे अकरा बुंधे उघडे पडले. ते जिथे वाढले होते तिथेच, मुळांसकट, आजही उभे आहेत.

ही जंगलं चिखलात गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. हवेतला कार्बन जमिनीखाली गेला, ऑक्सिजन आजच्या 21 टक्क्यांच्या बराच वर चढला, पृथ्वी थंडावली. इंग्लंड-वेल्सच्या कोळशात या वृक्षांचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या सुरुवातीच्या कापड गिरण्यांमध्ये विलायतेहून जहाजाने आलेला कोळसा जळत असे, तेव्हा गिरणगावाच्या धुरात क्लबमॉसच्या नातलगांचा अंश होताच. आपल्या चंद्रपूर-वणीच्या कोळशाची कुळकथा मात्र वेगळी. तो नंतरच्या युगातला, थंड गोंडवन भूमीवरचा, ग्लॉसोप्टेरिस या बीजधारी वृक्षांच्या जंगलातून आलेला. कोळसा म्हटला की क्लबमॉसचे वृक्ष असं सरसकट म्हटलं, तर विदर्भातच ते खोटं ठरेल.

मग ते वृक्ष गेले. हवामान कोरडं होत गेलं, दलदली आटल्या, आणि सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतली ती जंगलं मोडली. आज घराण्यात उरलेत ते घोट्याएवढे. इथे लव्हाळ्यांचा दाखला मराठी माणसाच्या जिभेवर तयारच असतो: मोठे गेले, लहान वाचले, नम्रता तारते. चिंतन इथेच संपवलं तर सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. एक तर आजचं लायकोपोडियम म्हणजे आक्रसलेला लेपिडोडेंड्रॉन नाही. लहान अंगाची शाखा राक्षसी वृक्षांच्या आधीपासून वेगळी नांदत होती. दुसरं म्हणजे चीनच्या भागात ओलावा टिकला, तर हे वृक्षही तिथे पुढची पाच कोटी वर्षं टिकले. आणि ज्यांच्या जंगलांनी कित्येक कोटी वर्षं दलदलींवर राज्य केलं, त्यांना अपयशी कोणी ठरवायचं? जेमतेम तीन लाख वर्षं वयाच्या माणसाने?

त्या वृक्षांचा आजचा सर्वांत जवळचा नातलग पाहायला परदेशी जावं लागत नाही. पाचगणीच्या पठारावर पावसाळ्यात जांभ्याच्या उथळ डबक्यांत पातीच्या कांद्यासारखे दिसणारे आयसोइटिसचे झुबके उगवतात. गवत समजून आपण ओलांडून जातो. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्र्यंबक शंकर महाबळे यांनी 1938 मध्ये यातल्या एका जातीचं वर्णन केलं आणि तिच्या नावात सह्याद्री घातला. याच्या बारीक मुळाचा आडवा काप पाहावा. मूळ जवळजवळ पोकळ, हवेने भरलेलं, आणि पाण्याची एकच नळी, तीही मधोमध नाही, एका कडेला सरकलेली. लेपिडोडेंड्रॉनच्या मुळांचे जे दगड झालेत, त्यांच्या उपमुळांच्या कापातही हाच नकाशा दिसतो. अंग बदललं, उंची गेली, मुळातली मांडणी राहिली. आणि नवं काहीच शिकला नाही म्हणावं, तर तेही नाही. डबक्यात दिवसा सगळ्या पाणवनस्पती कार्बन डायऑक्साइडवर तुटून पडतात, तेव्हा आयसोइटिसच्या पाण्यात राहणाऱ्या जाती तो रात्री साठवून ठेवतात आणि दिवसा वापरतात. निवडुंग वाळवंटात पाणी वाचवायला जी युक्ती करतो, तीच हे पाण्यात बसून करतात.

सिलाजिनेलाची एक जात तर उलट्याच दिशेने गेलेली दिसते. जत्रेत आणि देवस्थानांबाहेर संजीवनी म्हणून जी सुकी, मुठीसारखी मिटलेली गुंडाळी विकतात, ती बहुधा सिलाजिनेला ब्रायोप्टेरिस. वाटीत पाणी घालून ठेवली की काही तासांत ती उलगडते, तपकिरी फांद्या सपाट पसरतात, आणि जीव शाबूत असेल तर हिरव्या होतात. रामायणातली संजीवनी हीच का, यावर वाद आहे. तो असू दे. पाहण्यासारखं हे, की तिच्याकडे मूळ आहे, नळ्या आहेत, लिग्निन आहे, आणि तरीही उन्हाळ्यात ती गडग्यावरच्या मॉसचीच रीत धरते: सगळ्या अंगाने सुकायचं, सगळ्या अंगाने परत यायचं. कातळावर आठ महिने थेंब नसेल, तर नळ्या घेऊन काय करायचं?

लायकोपोडियम तर माणसाच्याही कामी आलं. त्याचे बीजाणू म्हणजे पिवळी, हलकी, पाण्याने न भिजणारी भुकटी. होमिओपॅथीच्या डब्यांमुळे हे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. हवेत उडवून ज्योत लावली की ती भुकटी भपकन पेटते, म्हणून नाटकांत विजेचा लखलखाट दाखवायला ती वापरत. आणि 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत चेस्टर कार्लसन यांनी गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर हीच भुकटी टाकून तारीख आणि जागेचं नाव कागदावर उमटवलं. झेरॉक्सची ती पहिली प्रत. दुसरं काही मिळालं नसतं असं नाही, पण काम भागलं ते या भुकटीने.

आपण सकाळ सुरू करतो तीच मुळी मोजमापाने. कोण कुठे पोचला, कोण मागे पडला, आपली पायरी कितवी. वनस्पतींकडेही त्याच नजरेने बघतो आणि घोट्याएवढ्या क्लबमॉसला खालच्या पायरीवर बसवतो. पण हे घराणं कोणाच्या रांगेत उभंच नव्हतं. त्याने पान आपलं काढलं, मूळ आपलं काढलं, दलदलीत वृक्ष झालं, कातळावर गुंडाळी झालं, डबक्यात रात्रपाळी धरली. उंची हे एक माप आहे, आणि कोळशाच्या युगातल्या दलदलीत ते चोख चाललं. पाचगणीच्या जांभ्यावर ते लावलं, तर आयसोइटिसबद्दल काहीच कळत नाही, फक्त मोजणाऱ्याची घाई कळते. स्वतःला किंवा शेजाऱ्याला मोजायला बसण्याआधी पायाखालची जमीन कोणती आणि वर पाऊस किती, एवढं तरी विचारून घ्यावं.